नदीच्या वेगानं पाहणं

1912 साली दादासाहेब फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडला. दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत त्यांनी कोंब, पानं आणि वर चढणारा वेल टिपला. ते तुकडे सलग पडद्यावर पडले तेव्हा कित्येक दिवसांची वाढ पाहणाऱ्यांसमोर क्षणांत घडली. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं आणि हे यंत्र काय करू शकतं याची खात्री पैसे देणाऱ्यांना पटवायची होती. ती 'अंकुराची वाढ'नं पटली. मराठी माणसानं कॅमेऱ्यापुढे धरलेल्या पहिल्या विषयांपैकी एक हा असा होता: एक रोप, आणि त्याच्यासमोर न कंटाळता बसून राहणारा माणूस.

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत वैतरणा उगम पावते, मोखाडा-वाड्याच्या रानातून पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राला मिळते. मी तिच्या खालच्या अंगाला, पालघर जिल्ह्यात राहते. नद्यांवर, खाड्यांवर आणि त्यांच्या आधारानं जगणाऱ्या माणसा-प्राण्यांवर माहितीपट करते. या कामाची दिशा मला त्या वाटाण्याच्या रोपानं दाखवली असं मी मानते. डोळ्याला दिसणार नाही इतक्या सावकाश घडणाऱ्या गोष्टी कॅमेरा दाखवू शकतो. वाढ दाखवू शकतो, तशी झीजही. आणि आमच्या भागात आज जे घडतं आहे ते बहुतेक सगळं सावकाश घडतं आहे.

बोईसरचं नाव बातमीत येतं ते स्फोट झाल्यावर. रात्री-अपरात्री एखाद्या कारखान्यात आग लागते, सकाळी वाहिन्यांच्या गाड्या येतात, संध्याकाळी निघून जातात. खाडीत मेलेल्या माशांचा खच दिसला तर पुन्हा एक दिवस गर्दी होते. बातमीला घटना लागते, आणि खाडीचं दुखणं क्वचितच घटना होऊन समोर येतं. एखादा मासा जाळ्यात कमी येऊ लागतो, मग येईनासा होतो. ज्या चिखलात आई निवट्या धरायची तिथे मुलगी उतरत नाही, कारण पायाला खाज सुटते. विहिरीचं पाणी पिण्यातून जातं, मग भांड्यांतून, मग कपड्यांतून. यातल्या कोणत्याच दिवसाला तारीख नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात बोईसरचं हे तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सर्वांत वर होतं. तो आकडा छापून आला. त्यामागची वर्षं मात्र कोणी पाहिली नव्हती.

माहितीपटाचं काम तिथे सुरू होतं. बातमीची गाडी निघून गेल्यावर जो थांबतो, त्याला दिसायला लागतं.

सूर्या नदीचंच घ्या. विक्रमगड तालुक्यातलं धामणी धरण आणि त्याखालचा कवडासचा बंधारा मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी बांधले गेले. कालव्याकाठी उन्हाळी भात आणि भाजीपाला उभा राहिला. मग पाण्याचे वाटेकरी वाढत गेले. तारापूरची औद्योगिक वसाहत आली, गावांच्या नळयोजना आल्या, वसई-विरार आलं. पुढे मीरा-भाईंदरलाही धरून रोज 403 दशलक्ष लिटरची योजना उभी राहिली. आता या पाण्यामागून कॅमेरा घेऊन निघा. धामणीला ते साग-ऐनाच्या उतारांमध्ये स्वच्छ साठलेलं असतं. बोईसरला ते जाड नळांतून कारखान्यांत शिरतं. पलीकडून रंग, क्षार आणि द्रावणांचे अंश घेऊन गटारात उतरतं, सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून जातं आणि नवापूरजवळ समुद्राला मिळतं. काही वाट चुकवून आसपासच्या नाल्यांत आणि खाड्यांतही पोचतं. हा सगळा प्रवास एका दिवसाच्या अंतरात बसतो. तरी धामणीचा आदिवासी शेतकरी, बोईसरचा कामगार आणि नवापूरचा मच्छीमार यांना एकाच पाण्यानं बांधलं आहे हे त्यांनी कधी एकत्र पाहिलेलं नसतं. धरणाची फाइल एका खात्यात, कारखान्याची दुसऱ्या आणि मासेमारीची तिसऱ्या खात्यात असते. नदीचा सलग प्रवास दाखवणारी जागा मला तरी पडद्यावरच सापडते.

नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी अशी ही ओळीनं मच्छीमारांची गावं. इथल्या चित्रणाचं वेळापत्रक घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाण्याला ओढ असते, डोल जाळी लागतात, माणसं कामात असतात. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मंद असतं, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. खाडीत सोडलेलं घाण पाणी अशा दिवसांत लवकर बाहेर जात नाही, आत-बाहेर घुटमळत राहतं. सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांचं विघटन पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे वर येतात आणि पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेऊ पाहतात. हे सगळं कॅमेऱ्यात हवं असेल तर भांगेच्या पहाटे तिथे असावं लागतं. ती पहाट कोणती, हे खाडीत उतरणाऱ्या बायका सांगतात.

त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशींबरोबर मी ओहोटीला चिखलात उतरत असे. एकदा माझ्या हातातला माईक पाहून त्या म्हणाल्या, "पोरी, चिखलाचा आवाज घे. जिता चिखल ओहोटीला वाजतो." मी हेडफोन कानाला लावले. पाणी सरलेल्या चिखलात हजारो बारीक बिळं उघडत-मिटत होती, खेकडे चालत होते, बुडबुडे फुटत होते. सगळी खाडी तडतडत होती. मग नाल्याच्या तोंडाकडे चालत गेलो, तसा तो आवाज पातळ होत गेला आणि एका ठिकाणी थांबला. दोन्ही जागी चिखल दिसायला सारखाच होता, काळा आणि चकचकीत. फरक फक्त कानाला कळत होता. माहितीपटाचं तंत्र पुस्तकांतून शिकता येतं, पण कुठे ऐकायचं हे ठिकाणची माणसंच शिकवतात.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही याच खाडीत उघड होतात. त्याला वास कळत नाही. विरघळलेला जड धातू त्याला दिसत नाही. निळंशार दिसणारं पाणी विषारी असू शकतं आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी निरोगी. म्हणून नदीवरच्या चित्रपटानं एकट्यानं बोलू नये. दृश्याबरोबर पाण्याच्या नमुन्याचा अहवाल हवा, जागा आणि वेळ यांची नोंद हवी, आणि तिथे पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्यांची जबानी हवी. अखिल महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीनं तारापूरचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि 2022 च्या जानेवारीत लवादानं शंभरहून अधिक कारखान्यांवर आणि सामुदायिक प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरण भरपाई लादली. हे घडलं ते चिकाटीनं जमवलेल्या पुराव्यामुळे. अशा लढ्यात चित्रपटाची जागा साक्षीदाराची आहे. न्यायाधीशाची जागा त्यानं घेऊ नये.

चांगली साक्ष काय करू शकते याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर चाललेली व्हेल शार्कची कत्तल 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटात दाखवली. जगातला हा सर्वांत मोठा मासा तेलासाठी आणि मांसासाठी मारला जात होता, आणि किनारा सोडला तर देशात कोणाला त्याची खबर नव्हती. चित्रपट 2000 साली आला. 2001 च्या मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. दुसरं उदाहरण कर्नाटकातल्या कुद्रेमुखचं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीतला गाळ पावसाळ्यात भद्रा नदीत कसा उतरतो, हे शेखर दत्तात्री यांनी 2001 मध्ये एका छोट्या चित्रपटात दाखवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. 2002 मध्ये न्यायालयानं खाणकाम थांबवण्याचा निर्णय दिला. खटला कार्यकर्त्यांनी लढवला, कायदा वकिलांनी मांडला. पण भर पावसात डोंगरावरून लाल होऊन उतरणारं पाणी ज्यानं पाहिलं, त्याला "गाळाचं प्रमाण" या शब्दांचा अर्थ वेगळा समजवावा लागला नाही.

चित्रपट आणि न्यायालय यांचं हे नातं आमच्या जिल्ह्यातही आहे. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर बिट्टू सहगल यांचं नाव आहे. हे 'सँक्च्युअरी एशिया'चे संपादक, आणि दूरदर्शनसाठी वन्यजीवांवरच्या मालिका करणारे निर्माते. ज्यानं घराघरांत जंगल पोचवलं, त्यानंच जंगलासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं. 1996 मध्ये निकाल लागला, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि 1998 मध्ये त्यानं तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण इथे योजलेल्या बंदराला नकार दिला. पण कोणताच निकाल कायमचा नसतो. 2023 च्या जुलैत त्याच प्राधिकरणानं वाढवणला संमती दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली. मला वाटतं, म्हणूनच नोंद करणाऱ्यांचं काम निकालापाशी संपत नाही. वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला आज जे दिसतं, ते शेवाळ, खेकडे, शंख-शिंपले, मासळीची पिल्लं, त्यांवर टपलेले पक्षी आणि चिंबोऱ्या शोधणारे हात, हे सगळं ऋतुवार टिपलेलं असायला हवं. पुढे कोणी म्हणालं की तिथे काही नव्हतंच, तर उत्तर हाताशी असेल.

या कामात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस मात्र दूरच्या किनाऱ्यावरचा आहे, जपानचा माहितीपटकार नोरिआकी त्सुचिमोतो. मिनामाता हे मच्छीमारांचं गाव. तिथल्या चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. 1956 मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली आणि त्याचं कारण सरकारनं मान्य करायला 1968 उजाडलं. 1965 मध्ये त्सुचिमोतो दूरचित्रवाणीच्या कामासाठी तिथे गेले होते. आपल्या आजारी लेकराचं चित्रण केल्याचा एका आईनं त्यांना रागानं जाब विचारला. त्या प्रश्नानं ते हादरले. नंतर ते पुन्हा गेले, लोकांमध्ये राहिले, आणि 1971 मध्ये 'मिनामाता: रुग्ण आणि त्यांचं जग' हा चित्रपट घेऊन आले. त्यात रुग्ण मासेमारी करतात, ऑक्टोपस धरतात, हसतात, भांडतात आणि कंपनीच्या सभेत जाऊन उभे राहतात. त्यानंतरही ते परत परत मिनामाताकडे वळले. 1977 मध्ये तर शिरानुई समुद्राच्या काठाकाठानं प्रोजेक्टर घेऊन फिरले आणि ज्या गावांना आपल्या आजाराचं कारण नीट ठाऊक नव्हतं तिथे चित्रपट दाखवले.

मला त्यांचं हे फिरणं त्यांच्या चित्रपटांइतकंच मोलाचं वाटतं. नदीवरचा चित्रपट महोत्सवात जावा. पुण्याच्या किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवानं नद्या आणि निसर्ग यांवरचे चित्रपट महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोचवले, मुंबईच्या 'मिफ' महोत्सवानं 1990 पासून माहितीपटांना पडदा दिला. या गोष्टी हव्यात. पण ज्या काठावर चित्रण झालं, त्या काठावर चित्रपट परत गेला नाही तर काम अपुरं राहतं. आम्ही गावात पडदा लावतो तेव्हा लोक आधी आपली माणसं ओळखतात, मग होड्या, मग जागा. मग कोणीतरी म्हणतं, हा नाला इथे यायच्या आधी ही जागा अशी नव्हती. दुसरा वर्ष सांगतो, तिसरा ते दुरुस्त करतो. घरोघर विखुरलेली आठवण त्या रात्री एका जागी जमते आणि गावाला कळतं की आपलं दुखणं एकट्याचं नव्हतं. तिथल्या दुरुस्त्या मी टिपून घेते. अनेकदा चित्रपट त्या रात्रीनंतर पुन्हा संकलनाला जातो.

वन्यजीव चित्रपटांची एक जुनी सवय इथे मोडावी लागते. चौकटीतून माणूस वगळायचा, वीज-तारा टाळायच्या, रस्ता दिसला तर कॅमेरा वळवायचा आणि अस्पर्श निसर्ग उभा करायचा, ही ती सवय. ती फार पुढे गेली की खोटं होतं. डिस्नेच्या 1958 च्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाच्या उंदरांना मुद्दाम कड्यावरून लोटलं गेलं आणि ते आत्महत्या करतात ही दंतकथा जगभर पसरली. पालघरमध्ये माणूस वगळलेली चौकट तर मुळातच खोटी ठरते. इथला बिबट्या वाड्या-पाड्यांच्या कडेनं चालतो. वारली त्याला वाघोबा म्हणून पुजतात, दगडात-लाकडात कोरतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केला. भीती, आदर आणि देवाणघेवाण या सगळ्यांसह एकाच जागेत राहण्याची ती रीत आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं सबंध पट व्यापून असायचं, आणि त्याभोवती मासे, माणसं, झाडं, सगळी एकाच पृष्ठभागावर. या प्रदेशाचा चित्रपट तितका रुंद असायला हवा. सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'नं मुंबईच्या दोन कोळी मित्रांच्या घरात बसून समुद्राचं रिकामं होणं दाखवलं आणि 2023 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा खास पुरस्कार मिळाला. तिथे समुद्रही कळतो आणि कर्जही.

डहाणूला वनविभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्थेचं समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात लाटांबरोबर जखमी ऑलिव्ह रिडले किनाऱ्यावर येतात. समुद्रात सुटलेल्या जाळ्यांत अडकून कित्येकांचे पर तुटलेले असतात. बरं झालेलं कासव पाण्यात सोडतानाचं दृश्य कोणालाही आवडतं आणि आवडावंच. मात्र त्या दृश्याच्या मागे जाळं आहे, आणि जाळ्याच्या मागे मासळी मिळत नाही म्हणून अधिक लांब, अधिक दिवस जाणारी होडी. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना राज्यानं 2018 मध्ये सुरू केली. प्राणी आणि पोट यांना एकत्र धरणारी ही समज आहे. ज्या पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला आणि ज्यासाठी सातपाटीचं नाव सगळीकडे घेतलं जातं, त्याचं भवितव्यही याच समजेवर उभं आहे.

नुकसानीच्या चित्रणात एक धोका असतो. सतत काळं पाणी दाखवलं की पाहणाऱ्याला वाटतं, सगळं संपलंच आहे. तसं नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात महादेवाच्या मंदिरापाशी महसीर राखलेले आहेत. तिथे मासे कोणी मारत नाही, आणि मोठमोठे मासे घाटाशी निर्धास्त येतात. तानसा अभयारण्यात 2014 मध्ये रानपिंगळा सापडला. शतकाहून अधिक काळ नाहीसा मानला गेलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याकडे पुन्हा दिसला होता. गारगाई आणि पिंजाळ या नद्या अजून रानातून मोकळ्या वाहतात.

यातली गारगाई मला अस्वस्थ करते. मुंबईला रोज 440 दशलक्ष लिटर पाणी द्यायला ओगद्याजवळ तिच्यावर धरण योजलेलं आहे आणि तानसाचं जंगल व आदिवासी गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात येतात. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा अशी एकामागून एक धरणं या डोंगरांनी मुंबईला दिली. त्यांनी अडवलेल्या एकाही नदीचं अडवण्यापूर्वीचं रूप आपल्याला ऋतुवार, सलग पाहता येत नाही. कोणते मासे पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर चढत होते, कोणत्या डोहावर कोणतं गाव उन्हाळा काढत होतं, हे सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत.

म्हणून मला वाटतं, या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक मच्छीमार सोसायटीत एक साधा कॅमेरा, एक माईक आणि पाणी तपासायचा संच असावा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिथीला मुलांनी तेच पाणी पुन्हा पुन्हा टिपावं. मोबाइल आज जवळपास प्रत्येक घरात आहे. शिस्त आणि संग्रहाची जागा यांचीच कमतरता आहे, आणि ती भरून काढणं आपल्या हातातलं आहे. मी स्वतः आता गारगाईच्या काठानं चालते आहे. पहिल्या पावसापासून पुढच्या वैशाखापर्यंतची ती नदी टिपून ओगद्याच्या लोकांना आधी दाखवायची, मग तिचं पाणी पिऊ पाहणाऱ्या मुंबईच्या लोकांना. धरणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, निर्णय घेणाऱ्यांनी त्या आधी नदी पूर्ण पाहिलेली असावी, एवढी मागणी करायचा हक्क त्या काठावर राहणाऱ्यांना आहे. ती दाखवायचं काम आमचं.